देवाच्या पेटीतली कॅसेट

मुक्काम वाडी, तालुका चिपळूण
फाकपंचमीचा आदला दिवस

ती. स्व. प्रेमलाताईस राजूचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकायला मला फक्त कागदावरच जमतं. परवा अंथरुणातून उठताना कमरेतून जो आवाज निघाला तो स्नेहलला दाराच्या बिजागरीचा वाटला. तिने बिजागरीला तेल घातलं. कमरेला अजून नाही.) भाऊजींचं प्रेशर, तुझे गुडघे आणि संस्कृतीच्या नोकरीच्या मुलाखती यांपैकी निदान एकात तरी सुधारणा असेल असं धरून चालतो. तू म्हणशील, फोन मेला होता का तुझा? फोन जिवंत आहे. पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला सांगायचंय ते दोनशे वाक्यांचं आहे. शिवाय रितेशची गाडी उद्या आंब्याच्या पहिल्या पेट्या घेऊन वाशीला निघतेय, तो हे पाकीट तुझ्या नेरूळच्या दारात देईल. पाकीट जरा जड लागेल. पण आतलं काही काढायची घाई करू नकोस, आधी पत्र वाच.

आता तक्रार. ताई, या देशाचं पुढे काय होणार ते मला दिसत नाही, कारण आपल्या वाडीत सहा कंगोऱ्यांची पेन्सिल मिळत नाही. नितेशच्या दुकानात मागितली तर त्याने तीन कंगोऱ्यांची पुढे केली. म्हणाला, हल्ली हीच चालते, मुलांच्या बोटांना वळण लागतं. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या बोटांना जे वळण लागायचं ते लागून गेलं, मला सहाच कंगोरे हवेत. त्यावर त्याने शिंगवाल्या घोड्याचं चित्र असलेली गोल पेन्सिल काढली. म्हणजे बघ, आपल्या लहानपणी गावात रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण पेन्सिलीला सहा कंगोरे होते. आज रस्ता आहे, (खड्डे धरून) दवाखाना आहे, (डॉक्टर सोडून) आणि मी, ज्युनियर कॉलेजचा हेडक्लार्क, पन्नाशीच्या उंबऱ्यावर उभा राहून नितेशशी कंगोऱ्यांवरून हुज्जत घालतोय. कॅसेटच्या चाकाला आतून सहा दात असतात. तीन कंगोऱ्यांची पेन्सिल त्यात घातली की ती वीतभर फिरते, मग सटकते, आणि गुंडाळलेली फीत पुन्हा बाहेर येऊन मांडीवर पडते. हे मी सलग दीड तास केलं. योग्य पेन्सिल शेवटी मिळाली. कुठे मिळाली ते ओघात येईलच.

कॅसेट कुठली म्हणशील तर तीच. तुझ्या आप्पांची, साऱ्या गावाच्या गुरुजींची. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मुळापासून सांगतो, कारण गावात या गोष्टीची सध्या सात रूपं चालू आहेत आणि तुझ्याकडे आठवं असायची शक्यता आहे. अठ्ठ्याऐंशी साली तुझ्या मामांनी आखातातून तो वहीएवढा, रबरी बटणांचा संगणक आणला आणि तो तुमच्या टीव्हीला जोडला. त्याला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती. (गावातल्या बहुतेक मोठ्या माणसांप्रमाणे वीज गेली की आधीचं सगळं विसरायचा.) म्हणून त्यात लिहिलेलं टेपरेकॉर्डरवर आवाज करून साठवायचं, आणि पुन्हा हवं झालं की तीच कॅसेट वाजवून त्याला ऐकवायची. आवाज म्हणशील तर आधी लांब शिटी, मग तव्यावर खिळा ओढल्यासारखं किर्रर्र. तुझी आई, म्हणजे माझी काकू, तेव्हा कानात बोटं घालून म्हणायची, हे शिकवतायत का भूत उतरवतायत?

आणि शिमग्याच्या पालखीचा वाद तर त्याहून जुना. चोवीस उंबरे, देवाची पालखी सगळ्यांकडे जाते, पण आधी कोणाकडे? दरवर्षी कागदावर क्रम लिहायचा आणि दरवर्षी कागदाला काहीतरी व्हायचं. एका वर्षी खाडाखोड झाली, एका वर्षी कागद फाटला, एका वर्षी तो वासराने खाल्ला. (ते वासरू काशीरामच्या गोठ्यातलं होतं, हे गोदाकाकू आजही गाईच्या नावासकट सांगते.) तेव्हा आप्पा सगळ्या गावासमोर म्हणाले की आता क्रम यंत्रात घालतो, तिथे खाडाखोड करायला कोणाचा हात पोचत नाही. गुरवाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, जे यंत्रात आहे ते चोवीस उंबऱ्यांना मान्य, मोडील त्याला देव बघून घेईल. कॅसेट देवाच्या पेटीत गेली. पुढच्याच वळवात वीज पडली, यंत्र टीव्हीसकट जळलं, आणि गावाने कॅसेट कधीच ऐकली नाही. गरजच पडली नाही, कारण धाकूआजोबा होते. ते काठी घेऊन पुढे चालायचे आणि पालखी त्यांच्या मागून. चोवीस घरांचा क्रम त्यांना तोंडपाठ आहे असं सगळे धरून चालले. ते दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या शिमग्यात तिठ्यावर काशीरामची माणसं पालखीला डावीकडे ओढत होती आणि गोदाकाकूची उजवीकडे. देव दोन तास भर उन्हात मध्ये. शेवटी पालखी उलट पावली सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, आणून ठेवली आणि घरोघर गेलीच नाही. मुंबईहून रजा काढून आलेली माणसं ओटीचे नारळ पिशवीत घालून परत गेली. ते तू पाहिलं नाहीस, बरं झालं. चिमाआजी, जिला गेली तीन वर्षं अंगणाबाहेर चालता येत नाही, ती संध्याकाळपर्यंत ताम्हण घेऊन दारात बसून होती.

म्हणून यंदा माघातच बैठक बसली आणि ठरलं की पेटी उघडायची. फाकपंचमीच्या, म्हणजे शिमगा सुरू व्हायच्या आत यंत्रातला क्रम बाहेर आला तर पालखी घरोघर फिरेल, नाही तर देव सहाणेवरच. काम कोणाकडे? लहानपणी त्या यंत्राला चिकटलेला असायचा तो राजू. मी हो म्हटलं. (मी नाही म्हणायला शिकलो असतो तर एव्हाना हेडक्लार्कच्या वर गेलो असतो.) तेव्हापासून मला स्वस्थता नाही. जेवताना उठतो, ऑफिसात एकाच पत्राला दोनदा उत्तर देतो, हेच पत्र लिहिताना चार वेळा उठून माजघरात फेऱ्या मारून आलोय. स्नेहल म्हणते, तुम्ही पालखीच्या आधी स्वतःच सगळ्या गावात फिरून याल.

पहिली अडचण अशी की लोकांना मी कॅसेट घरी नेलेली नको होती. घरी नेऊन मी माझं घर वर घालीन अशी शंका काशीरामने काढली. (माझं घर मुळात टेकडीवर आहे, आणखी वर कुठे घालू?) सगळ्यांसमोर देवळातच वाजवायची, असा ठराव झाला. मी समजावून पाहिलं की त्यात माणसाची भाषा नाही. तर म्हणे गुरुजींनी आम्हाला न कळेल असं काही कधी सांगितलं नाही. मग भजनी मंडळाचा जुना टेपरेकॉर्डर आला, कर्णा लागला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि मी बटण दाबलं. ताई, तो आवाज आठव, आणि तो कर्ण्यातून आठव. झाडावरचे कावळे उडाले ते दुसऱ्या गावाच्या हद्दीत जाऊन बसले. आणि आपली माणसं? डोळे मिटून, हात जोडून, मान खाली घालून ऐकत होती. मिनिटभराने काशीराम उठला. "आयकलांत? माजा नाव घेतलान! काशीराम म्हटलान, सपष्ट!" गोदाकाकू बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तुजा कशाला घेतील? गोदा म्हणाले, चांगला दोनदा. वासराचापण कायतरी बोलले." मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं की त्याला तर गुरुजी पाढे म्हणतायत असं वाटलं. ज्याला जे हवं ते त्या किरकिरीत स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मी एकटा कर्मदरिद्री, ज्याला त्यात फक्त किरकिर ऐकू येत होती. तेवढ्यात आवाज घोगरा झाला, लांबला, आणि बंद पडला. टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. ओंजळभर फीत बाहेर आली तेव्हा मला वासराची आठवण झाली.

त्यामुळे एक झालं, कॅसेट घरी न्यायची परवानगी मिळाली. ओंजळभर गुंता उलगडून दीड तास त्या तीन कंगोऱ्यांशी झटलो, ते वर आलंच. मग तुमच्या घराची दुसरी चावी दिवाबत्तीसाठी माझ्याकडे असते, ती घेऊन आप्पांच्या टेबलाचा खण उघडला. त्यात वह्या तपासायची लाल-निळी पेन्सिल होती. सहा कंगोरे, जाड. चाकात अशी बसली की जणू आप्पांनी ती त्याचसाठी राखली होती. (खणात दुसरं काहीही हलवलं नाही. म्हणजे एक वस्तू हलवली. सांगतो.)

पुढचा मुक्काम चिपळूण, बाबाजी रेडिओवाले. वय चौऱ्याहत्तर, बाजारपेठेत अजून दुकान चालवतात. त्यांच्या भिंतीवर दोन रेघा आहेत, खालची दोन हजार पाचच्या पुराची आणि वरची एकवीसच्या. ज्या वस्तूंवर त्यांचं प्रेम आहे त्या वरच्या रेघेच्या वर, ज्या न्यायला गिऱ्हाईक यायचं विसरलं त्या दोन रेघांच्या मध्ये, आणि गिऱ्हाईक स्वतः खालच्या रेघेच्याही खाली बसतं. त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "साहेब, ही कॅसेट आहे की कुंकवाचा करंडा?" मला कळेना. मग आठवलं. ताई, कॅसेट देवाच्या पेटीत होती ना? दर दसऱ्याला पेटीतल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. तलवार, दोन कट्यारी, आणि कॅसेट. सदतीस दसरे! सदतीस वेळा हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आणि वरून पळीभर पाणी. आत चाकाच्या दातांत तांदळाचा अख्खा दाणा अडकला होता. फितीवर पांढरा बुरा होता, तो आपल्या हवेचा प्रसाद, पण बुऱ्यावर जो गुलाबी थर होता तो शुद्ध भक्तीचा. पुराने माझी दुकानातली पाचशे यंत्रं खाल्ली, बाबाजी म्हणाले, पण पूजेने मेलेलं यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.

मेलं नव्हतं. बाबाजींनी फीत नव्या डब्यात बसवली, पण वाजवण्याआधी ती सुकायला हवी होती, म्हणून दोन दिवस तांदळात पुरून ठेवा म्हणाले. मी ती घरच्या तांदळाच्या डब्यात पुरली आणि स्नेहलला सांगायला विसरलो. तिने तांदूळ काढायला डबा उघडला. पुढचं लिहीत नाही, तुमची मैत्री आहे, तिनेच तुला सांगितलं असेल. मग बुरा पुसायचा. मऊ कापड, स्पिरिट, आणि आप्पांच्या पेन्सिलीने हळूहळू फिरवायचं. एका बाजूला तीस मिनिटांची फीत. ती पुसायला मला तीन संध्याकाळी लागल्या. बोटं गुलाबी झाली. ऑफिसात प्राचार्यांनी विचारलं, घरी मंगलकार्य आहे का?

आता खरी गंमत. बाबाजींनी वरच्या रेघेच्या वरचा डेक मला वापरायला दिला आणि स्वतः बरोबर वाडीवर आले. (हा माणूस तीस वर्षांत दुकान बंद करून कोणाकडे गेलेला नाही. पुरातसुद्धा माळ्यावर बसून होता.) ऑफिसचा लॅपटॉप मी घरी आणला होता. कुठल्याशा थंड देशातल्या सज्जनांनी एक प्रोग्रॅम फुकट ठेवलाय, तो कॅसेटचा आवाज ऐकतो आणि आतली अक्षरं काढतो. दुसरा एक प्रोग्रॅम आपल्या जळलेल्या संगणकाचं सोंग घेतो. आजचं एवढं मोठं यंत्र कालच्या एवढ्याशा यंत्राचं सोंग घेऊन नाचतं, हे मला एकदम शिमग्याचं वाटलं. पण सोंग नाचेना. डेकच्या हेडला एक बारीक स्क्रू असतो, तो पावपाव फेरा फिरवायचा आणि आवाज जास्तीत जास्त तीक्ष्ण होईल तिथे थांबायचं. बाबाजींना फिरवता येतो, पण या वयात वरची पट्टी ऐकू येत नाही. मला ऐकू येते, पण सगळी सारखीच वाईट वाटते. शेवटी स्नेहल पुढे झाली. डोळे मिटून म्हणाली, "अजून फिरवा. अजून. आता टोचला. थांबा!" बाबाजींनी विचारलं, वहिनी, एवढा कान कुठे तयार झाला? ती म्हणाली, या घराण्यात लग्न करून आले, तेव्हाच.

तरी अकरा वेळा चूक दाखवली. दर वेळी अर्ध्यावर आवाज बुडायचा आणि पडद्यावर यायचं की फीत वाचता येत नाही. बाबाजींनी पुन्हा झाकण उघडलं. फितीला मागून हेडवर दाबून धरणारी लोकरी कापडाची बारीकशी गादी असते, ती जुन्या डब्यात विरून गेली होती आणि नव्या डब्यातली त्यांना पसंत नव्हती. फेल्ट पाहिजे म्हणाले, जुनं, घट्ट. आता रात्री वाडीवर मी फेल्ट कुठून आणू? ताई, रागावू नकोस. तुमच्या खुंटीवर आप्पांची काळी टोपी आहे. आतल्या बाजूने, जिथे दिसत नाही तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला. हीच ती हलवलेली वस्तू. टोपी पुन्हा खुंटीवर आहे, झटकून ठेवलीय. तो तुकडा चिकटवला, बटण दाबलं, आणि बाराव्या वेळी शिटीपासून शेवटच्या किर्रर्रपर्यंत आवाज एकदाही बुडाला नाही. पडद्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी उमटलं. पहिली ओळ, श्री ग्रामदेवता प्रसन्न. बाबाजींनी नकळत हात जोडले. मग मलाही जोडावे लागले. आपण दसऱ्याच्या कुंकवाला उगीच हसलो, असं तेव्हा क्षणभर वाटलं. (क्षणभरच. बोटं अजून गुलाबी आहेत.)

यंत्राने वाचायचा नाही, फक्त माणसाने वाचायचा, असा शेरा प्रोग्रॅममध्ये लिहिता येतो. आप्पांनी, मास्तरच ते, तसे बरेच लिहिले होते. पण मी क्रम शोधत होतो आणि क्रमच दिसेना. चोवीस नावं होती, पण अंकाशिवाय. त्याखाली काही हिशेबाच्या ओळी. आणि एक शेरा असा की, धाकूला समजावून सांगितले आहे, तो कोणास सांगणार नाही. मी म्हटलं, चालवूनच बघू, पण एकट्याने नको. काशीराम म्हणेल, रात्रीत फिरवलं.

म्हणून काल देवळात सगळ्यांसमोर चालवलं. कॉलेजचा मोठा पडदा लावला. (परवानगीचं पत्र मीच लिहिलं, मीच आवक केलं.) पडद्यावर प्रश्न आला, पहिला मान कोणाला हवा? नाव लिहा. देवळात कुजबुज. काशीराम पुढे. "घाल, माजा नाव घाल. गुरुजींनी इचारलानच हाय तर लाजायचा कशाला?" मी टंकलं. यादी सरसर उमटली, एक ते चोवीस. काशीराम बोट लावून वरून शोधत खाली आला. चोविसावा. गोदाकाकू एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन म्हणाली, आता माझं घाल बघू. घातलं. यादी उमटली. काशीराम तेविसावा, नाही, चुकलो, काशीराम मधे कुठेतरी, आणि चोविसावी गोदा. मग तिसरा उठला, चौथा उठला. मी टंकत होतो आणि दर वेळी ज्याचं नाव टंकीन तो तळाला. आठव्या माणसानंतर नववा उठलाच नाही. आणि मग गुरव, जो सहसा देवाशीच बोलतो, आमच्याशी बोलला. म्हणाला, "धाकूआजोबा म्हणूनच दर वर्षी वेगळ्या घरापासून काढायचे. कधी म्हणायचे वाटेत कुत्रा हाय, कधी म्हणायचे पायात काटा गेला." आणि सगळ्यांना एकदम आठवलं. इतक्या वर्षांत प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी पालखी पहिली गेली होती. प्रत्येकाने आपलं ते एक वर्ष लक्षात ठेवलं आणि बाकीची सगळी विसरला. काशीराम खोटं बोलत नव्हता. गोदाकाकूही नव्हती. दोघांनाही खरंच पहिला मान होता.

तर असं झालं. क्रम बाहेर आला म्हणा, किंवा क्रम नव्हता हे बाहेर आलं म्हणा. आज सकाळपासून गावात नवीनच रोग सुरू आहे. मागतो तो शेवटी जातो हे कळल्यापासून कोणी तोंडच उघडत नाही. काशीराम गोदाकाकूला वाटेत थांबवून म्हणतो, तुमचाच आधी जावंदे, आमचा काय हाय! आणि ती म्हणते, छे, तुमचा मान जुना! दोघंही एकमेकांना पुढे ढकलतात, गेल्या वर्षी पालखीला ढकलत होते तसेच. गावाचा स्वभाव काही बदलला नाही, फक्त दिशा बदलली. पण पालखी घरोघर जाणार हे नक्की झालं. चिमाआजीला सांगून आलो, ताम्हण घासून ठेव म्हटलं. तुला यात काही त्रास नाही, सहज कळवावं म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. स्नेहल आमसुलं पाठवतेय, ती पाकिटात नाहीत, वेगळ्या पिशवीत आहेत. रितेशकडून मागून घे, तो विसरतो.

तुझा,
राजू

ता. क. १ : वर त्रास नाही असं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. देवळात कोणीच नाव देईना, तेव्हा मी काही न टंकता नुसतंच बटण दाबलं. आप्पांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. पडद्यावर आलं, कोणालाच नको? मग ज्या दाराला कुलूप आहे तिथून काढा. अठ्ठ्याऐंशी साली चोविसात तीन कुलपं होती, पालखी त्या घरांवरून न थांबता पुढे जायची. आज नऊ आहेत. आणि सहाणेवरून निघालं की पहिलं कुलूप कोणाचं लागतं ते तुला सांगायला नको. ते लिहिताना आप्पांच्या मनात स्वतःचं दार नक्कीच नव्हतं. गावाने एकमताने ठरवलंय (या गावात, एकमताने, तारीख लिहून ठेवलीय) की होळीच्या दुसऱ्या दिवशी पालखी आधी गुरुजींच्या दारात. (वरची ढकलाढकल त्यानंतरच्या नंबरासाठी.) चावी माझ्याकडे आहे, पण माझ्या चावीने उघडायचं ते दिवा लावण्यापुरतं. ओटी घेऊन उंबऱ्यात तूच उभी राहायला हवीस. गुडघ्यांचं कारण सांगशील म्हणून आधीच सांगतो, खुर्ची ठेवलीय.

ता. क. २ : अंगणाची काळजी नको. काशीराम आणि गोदाकाकू सकाळी एकाच वेळी झाडू घेऊन तुमच्या दारात आले. कोणी आधी झाडायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी मीच झाडलं. कमर पुन्हा वाजली.

ता. क. ३ : आता पाकिटातलं बाकीचं बाहेर काढ. देवाच्या पेटीत आता पेनड्राइव्ह ठेवलाय (प्लास्टिकच्या पिशवीत, दोन गाठी मारून, दसऱ्याला पिशवीची पूजा करा म्हणून बजावलंय). त्यामुळे कॅसेट मोकळी झाली. ती तुझी आहे. दहावीला गॅदरिंगच्या गाण्यासाठी मामांनी तुला लाल पट्टीची कॅसेट दिली होती, तीत तू सरावाचं गाणं भरलं होतंस, आणि मग ती आठ दिवस शोधूनही सापडली नाही, काकू तुला बेपर्वा म्हणाली आणि तू जेवली नाहीस. आठवत असेलच. आप्पांनी कोरी कॅसेट मागितली होती. घरात कोरी नव्हती. ही कोरी आहे, असं त्यांना मी सांगितलं. मला यंत्र चालू झालेलं बघायचं होतं. नंतर सांगायचं धाडस झालं नाही, आणि मग ती देवाचीच झाली. आप्पांचं किर्रर्र चार मिनिटांत संपतं. त्याच्या पुढे तुझं गाणं आहे, अर्ध्यापासून. तू मधेच चुकून हसतेस, आणि मागून आप्पा म्हणतात, परत म्हण, घाई नको. तिथपर्यंत ऐकून मी बंद केलं. पुढचं तुझं. टेपरेकॉर्डर बाबाजींनी दिलाय, तो पिशवीत आमसुलांच्या खाली आहे. पाकिटात आप्पांची पेन्सिलही ठेवलीय. फीत सैल पडली तर निळ्या बाजूने फिरव.